लाभ, दोन, तीन

स्टुडिओत माझं काम खडू धरायचं.
वय अकरा, रोजचे बारा आणे आणि एक चहा.
मैनाबाई इंगवले बोट दाखवायच्या,
मी तिथं फुली मारायचो,
शिफ्ट सुटली की ओल्या पोत्यानं पुसून टाकायचो.
म्हणून त्यांचे नाच मला खालूनच ठाऊक.
हात कसा उठायचा, मान कुठं वळायची,
मला विचारू नका.
टाचा विचारा.

बाप शाहूपुरीत गुळाचे रवे तोलायचा.
तिथं एकला एक म्हणत नाहीत,
लाभ म्हणतात.
मुंबईहून आलेले मास्तर बोल म्हणत मोजायचे,
ह्या आपल्या लाभ, दोन, तीन, चार,
सोळा पोरींना जणू गाडीत चढवायचंय.
पोरी हसायच्या.
आठवड्यानं हसायच्या बंद झाल्या,
पाय आपोआप पडायला लागले.

तालमीत बाईला मज्जाव.
शेजारच्या वखारीच्या माळ्यावर चढून,
दोन कौलं सरकवून,
तीन महिने पहाटे पहाटे त्यांनी कुस्त्या बघितल्या.
पेठेत व्हायची ती चर्चा झालीच.
त्या म्हणाल्या, पैलवान कुणाला पाहिजे?
मला त्याचा पैतरा पाहिजे.
आणि पैतरा आणला त्यांनी,
नऊवारीच्या काष्ट्यात बसवला,
कंबर जरा खाली, वजन मागच्या पायावर,
नजर समोरच्याच्या गुडघ्यावर.
निर्माते सिगारेटचा डबा वाजवत म्हणाले,
काय हो, बायका आता कुस्ती खेळणार?
खेळतातच की.
तुमचं लक्ष नसतं.

पडद्यावर पाटी आली,
नृत्ये: मास्टर दिगंबर.
मी शेजारीच होतो, पुढच्या स्वस्त बाकावर.
त्यांनी शेंगांची टरफलं पदरातून झटकली,
म्हणाल्या, अक्षर बरं काढलंय.

पुढं स्टुडिओ मोडला.
रिळांतली चांदी काढून घेतली कुणी,
उरलेल्या पट्ट्यांच्या बांगड्या झाल्या म्हणे.
असतील कुणाच्या तरी हातात
त्या सोळाजणी, गोल गोल.
बाई नगरपालिकेच्या शाळेत लेझीम शिकवायला लागल्या,
निवृत्त झाल्या, आजारी पडल्या.
सीपीआरला भेटायला गेलो
तेव्हा चादरीखाली पाय हलत होते.
नर्स म्हणाली, कंप आहे.
मी उभ्या उभ्या मोजलं.
बाराव्यानंतर थांबले, मग पुन्हा पहिल्यापासून.
कंप असा थांबत नाही.
पण नर्सला काय सांगणार.

गेल्या मार्गशीर्षात पुण्याहून एक मुलगी आली,
फोन माझ्या तोंडापुढं धरून बसली.
आजोबा, एखादा नाच आठवतो का?
मी नातवाच्या दप्तरातला खडू घेतला,
सोफा भिंतीला लावायला सांगितला,
गुडघे धरून फरशीवर बसलो.
सोळा फुल्या.
ऐंशी वर्षांच्या माणसाला
पासबुक कुठं ठेवलं आठवत नाही,
फुल्या आठवल्या.
मुलगी म्हणाली, वा.
मलाही जरा वा वाटलं.

तेवढ्यात हौसा पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली.
मागच्या ओळीतली चौथी.
डाव्या टाचेवर विळीचा व्रण,
त्यावरूनच मी तिला आधी ओळखायला लागलो,
चेहरा फार नंतर पाहिला.
लग्नात तिच्या भावानं अट घातली होती,
नाचाचं नाव पुन्हा निघायला नको.
आमच्या घरानं पाळली.
मीही पाळली, खोटं कशाला बोलू.
पंचावन्न वर्षं.

तिनं फरशीकडं बघितलं.
बश्या टीव्हीवर ठेवल्या.
म्हणाली, चौथी चुकलीया तुमची.
अंगठ्यानं माझी फुली पुसली,
वीतभर डावीकडं सरकून उभी राहिली,
वजन मागच्या पायावर,
नजर त्या पुण्याच्या मुलीच्या गुडघ्यावर.

मुलगीनं विचारलं, आजी, रेकॉर्ड करू?
हौसा तिच्याकडं बघत नव्हती.
ओठातल्या ओठात म्हणाली,
लाभ.